बाकावरची साक्ष

फुटबॉलची मॅच ऐन रंगात आलेली असताना मैदानाकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो साधा प्रेक्षक असता तर आम्ही त्याला विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. पण वामनभाऊ निखारे आमच्या मिलच्या टीमचे सेक्रेटरी होते. साहेबलोक शामियान्यात बसत, त्यांच्यासाठी वाळ्याचं सरबत येई, आणि सेक्रेटरीची खुर्ची तिथे रिकामी राही. भाऊ साइडलाइनजवळ, राखीव खेळाडूंच्या बाकासमोर स्टूल टाकून, बाकाकडे तोंड करून बसलेले असत. मागे आरडाओरडा झाला की "गोल झाला वाटते" एवढंच म्हणत. आपला की दुसऱ्यांचा, ते त्यांना बाकावरच्या चेहऱ्यांवरून कळे.

मी त्या टीमचा गोलकीपर. सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा नागपुरात कचेऱ्या आणि मिला खेळाडूंना खेळण्यासाठीच नोकरीवर घेत. सकाळी सराव, मग खात्यात हजेरी, संध्याकाळी मॅच. नोकरी मात्र आधी 'बदली'ची मिळे. कोणी कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम, नाहीतर आल्या पावली घरी. सीझन संपला की कोच नावं सुचवी आणि त्यांतल्या दोघा-तिघांना मिल परमनंट करी. म्हणजे आमचा कोच हा नुसता शिट्टी फुंकणारा माणूस नव्हता, आमची चूल त्याच्या हातात असे. आणि हा कोच शोधून आणायचं काम वामनभाऊंचं.

भाऊ मिलच्या वेलफेअर ऑफिसात हेडक्लार्क होते. बुटकी मूर्ती, पांढरा हाफशर्ट, सायकलच्या कॅरिअरला कायम एक हवा गेलेला बॉल. घर मूळचं उमरेडच्या विणकरांचं. घरातला हातमाग केव्हाच बंद पडला होता, पण बोटांची सवय गेली नव्हती. समोर कोणीही येवो, बोलता बोलता भाऊ त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघत. एकदा मॅनेजरसाहेबांचाच नवा शर्ट चिमटीत धरला आणि म्हणाले, "साहेब, हे आपल्या मिलचं नाई." साहेबांनी तो शर्ट पुन्हा कधी मिलमध्ये घातला नाही.

मॅच जिंकलो काय, हरलो काय, महिन्यातून एकदा ते आम्हाला घरी जेवायला बोलवत. सावजी मटण स्वतः रांधत. आमच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तो रस्सा वाढताना पहिलं ताट बाकावरच्यांना आणि मग खेळलेल्यांना, हा तिथला नियम. टीमचा कॅप्टन एकदा लटक्या रागाने म्हणाला, "भाऊ, घाम आमी गाळला ना गा!" भाऊ म्हणाले, "तुले टाळ्या भेटल्या. ह्याले काय भेटलं? खाऊ दे त्याले."

या घरात एक गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, पण आम्हा सगळ्यांना ती ठाऊक होती. भाऊंचा धाकटा भाऊ मधुकर आमच्याच टीममध्ये सेंटर हाफ होता. वडील लवकर गेले तेव्हा मधू हाताला धरून चालवण्याएवढा होता. भाऊंनीच त्याला वाढवला, शिकवला, मैदानावर आणला. आता तो पंचविशीला आला होता आणि अजून बदलीवरच होता. मधू परमनंट झालेला पाहायचा, एवढं एकच मागणं भाऊंचं देवापाशी होतं. भाऊ ते कोणाला सांगत नसत. वहिनी मात्र चुलीपुढून सांगत, आणि आम्हा सर्वांना ऐकू जाईल असं सांगत.

"दुनियाभराच्या पोट्ट्याइचं पाहून राहिले. घरच्या पोट्ट्याचं कोन पाहीन?"

"अवं, त्याचं कोच पाहीन," भाऊ म्हणत.

"अन् कोचाले कोन पाहीन?"

यावर भाऊ मटणाला चव आली का म्हणून विचारत.

आमच्या वेळचा पहिला कोच भाऊंनी आणला तो सगळे आणतात तसाच. मोठं नाव, पेपरात फोटो आलेले, कलकत्त्याला खेळून आलेला. स्टेशनवर हार घेऊन आम्ही उभे. हे गृहस्थ सरावाला आले की बॉल घेत आणि कसं खेळायचं ते दाखवत. ते दाखवणं संपतच नसे. आम्ही रिंगण करून उभे आणि मधोमध ते एकटे चेंडू नाचवताहेत, असा मे महिना गेला. खेळ खरंच बघण्यासारखा होता. सीझनभर आम्ही हरत गेलो आणि जाताना ते कळवळून म्हणाले, "पण तुम्ही माझ्यासारखे खेळत का नाही?" त्यांची गाडी सुटल्यावर भाऊ प्लॅटफॉर्मवरच म्हणाले, "राजेहो, आपुन एक खेळाडू घेऊन आलो. कोच आनाचा राहूनच गेला."

त्यानंतर भाऊंची ती पद्धत सुरू झाली, जिच्यावरून सगळी मिल त्यांना हसायची. कोणी कोच नजरेत भरला की भाऊ त्याला भेटायलाच जात नसत. त्याच्या जिंकलेल्या मॅचेस विचारत नसत, की त्याच्या हाताखाली नाव कमावलेल्या खेळाडूंकडेही जात नसत. त्याने ज्यांना टीममधून काढलं, बाकावर बसवून ठेवलं, त्यांना ते शोधत. कोणी बेसा गावात शेती करत असे, कोणी जरीपटक्याच्या बाजारात दुकानात असे. रविवारी सायकल काढायची आणि जायचं.

"जो खेळला त्याले काय विचाराचं?" भाऊ म्हणत. "थो तं गोडच बोलन. कोच कसा हाये ते ज्याले बसवलं त्याले माहीत."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "निखारे, जावई पसंत करताना त्याने सोडचिठ्ठी दिलेल्या पहिल्या बायकोला विचारायला जाता काय?"

भाऊ गंभीरपणे म्हणाले, "गेलं पाहिजे साहेब."

पद्धत नवी होती आणि भाऊंची तिच्यावर भारी श्रद्धा बसली होती. त्यामुळे दुसऱ्या कोचच्या वेळी ते असे फसले की विचारता सोय नाही. या कोचने ज्यांना ज्यांना बसवलं होतं, ते सगळे त्याच्याबद्दल भरभरून बोलले. किती प्रेमळ, किती आपुलकीने बोलणारा माणूस! एकही तक्रार नाही. भाऊ हरखून गेले, आणि तो माणूस आला. खरोखरच प्रेमळ होता. बाकावरच्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून तो सांगे, "आज राहू दे. उद्या तूच." आम्ही त्याचं नावच उद्यासाहेब ठेवलं. त्याने आजवर कोणाला तोंडावर 'तू कमी पडतोस' असं सांगितलंच नव्हतं. म्हणून तर त्याने बसवलेले सगळे खूश होते. ते अजून उद्याची वाट बघत होते.

हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती, कारण सीझन संपल्यावर उद्यासाहेबांनी परमनंट करण्यासाठी नावं दिली ती सगळ्या टीमची. कोणाचं मन मोडायला नको! मॅनेजरसाहेबांनी तो कागद बाजूला सारला आणि त्या वर्षी कोणालाच परमनंट केलं नाही. ऑफिसात बातमी आली तेव्हा मी तिथेच होतो. मधूही होता. तो पायात चपला अडकवून निघून गेला. भाऊंनी त्या दुपारी डबा उघडला नाही.

पण ते हार मानणारे नव्हते. चार-आठ दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "माह्या विचारण्यात चूक नोती गा. आयकण्यात होती. बसवलेला खुश असन तं समजाचं, त्याले कोनी खरं सांगितलंच नाई. मले आता रागावलेला मानूस पाहिजे. रागावलेला, पन खोटं न बोलनारा."

तो माणूस आम्हाला काटोलला सापडला.

कामठीला याकूब मास्तर म्हणून एक होते. मराठी शाळेत पीटी शिकवत, कोचिंगचा कोर्स केलेला, एका मोहल्ल्याची टीम त्यांनी नावारूपाला आणली होती. त्यांनी काढून टाकलेला शेषराव नावाचा फॉरवर्ड काटोलच्या संत्राबाजारात अडत्याकडे कामाला होता. भाऊ मला घेऊन एसटीने निघाले. बाजारात संत्र्यांचे ढीग, बैलगाड्या, बोली लावणाऱ्यांचा कल्लोळ. शेषराव ढिगावर उकिडवा बसून फळं निवडत होता. याकूब मास्तरांचं नाव काढताच त्याने जे तोंड सोडलं, ते मला इथे लिहिता येणार नाही. आजूबाजूचे शेतकरी बोली सोडून ऐकायला लागले.

भाऊ शांतपणे त्याच्या शेजारी टेकले. एक संत्रं सोललं, अर्धं त्याला दिलं.

"काहून काढलं गा त्यानं तुले?"

"गुडघा गेलता म्हणे माहा!"

"गेलता का?"

शेषरावने हातातल्या फोडीची बी काढून टाकली. मग म्हणाला, "गेलताच. म्या कोनालेच सांगितलं नोतं. घरी बी नाई. पट्टी बांधून खेळून राहिलो होतो. मास्तरले कसं दिसलं कोन जाने! एकट्याले बोलावून म्हणाला, शेषराव, आता खेळला तं पुढच्या वर्षी काठी घेऊन चालशीन. लय राग आला मले. अजून येते." मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पन चालून तं राहिलो ना."

भाऊंनी त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून पाहिली, "कापड चांगलं हाये" म्हणाले आणि उठले. परतीच्या एसटीत त्यांच्या तोंडावर जी खुशी होती, ती मी त्यांच्या तोंडावर नंतर कधी पाहिली नाही.

मॅनेजरसाहेबांच्या मनात तेव्हा दुसराच एक नामवंत खेळाडू होता. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या मास्तरबद्दल बसवलेले लोक काय म्हणतात?"

"शिव्या देतेत साहेब."

"मग?"

"म्हणूनच तं म्हणतो, घेऊन टाकू."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शाळेची नोकरी सांभाळून याकूब मास्तर आले. उंच, सडपातळ, मितभाषी. टीम जाहीर होण्याआधी ज्याला बसवायचं असे त्याला ते मैदानाच्या कडेला घेऊन जात आणि कारण सांगत. मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "उंच बॉल आला का तू डोळे मिटतो. मिटनं बंद होईस्तोवर बस." मी संतापलो. मी डोळे मिटतो हे मला ठाऊकच नव्हतं. पुढे रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तोच माणूस माझ्यासाठी उंच बॉल मारत उभा राहिला, आणि दसऱ्यापर्यंत मी पुन्हा गोलमध्ये होतो. मला खेळाडू केला तो याकूब मास्तरांनी. आणि त्यांना माझ्या आयुष्यात आणलं ते वामनभाऊंनी, काटोलच्या धुळीत बसून. हे उपकार मी विसरू म्हटलं तरी विसरता येणार नाहीत.

त्या वर्षी आम्ही जिंकू लागलो. मधूही सुरुवातीला खेळला. मग एका संध्याकाळी मास्तरांनी त्याला कडेला नेलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. भाऊ त्या वेळी स्टुलावर बसून बॉलची लेस ओवत होते. त्यांनीही पाहिलं. मास्तरांनी मधूला सांगितलं ते असं: तुला वळायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचा निघून जातो, आणि हे सरावाने सुधारणारं नाही. सीझन संपल्यावर मास्तरांनी तीन नावं दिली. त्यांत माझं होतं. मधूचं नव्हतं.

मिलभर भाऊंचा जयजयकार झाला. ज्याने त्याने यावं आणि म्हणावं, "माणूस असावा तर असा! सख्ख्या भावाचीही गय केली नाही." मॅनेजरसाहेबांनी तर चारचौघांत पाठ थोपटली. आणि भाऊ कोणी असं बोललं की सायकलवर टांग मारून निघून जात. मला तेव्हा वाटे, केवढा हा विनय!

मधूपर्यंतही हे कौतुक पोचत होतंच. एकदा फाटकाशी भेटला तेव्हा म्हणाला, "मास्तर कारन कोनतंही सांगन. दादानंच बसवलं मले. आपलं नाव मोठं कराले." मी समजूत घालू लागलो तर म्हणाला, "तू परमनंट झाला ना गा? मंग तू नको बोलू."

त्याने मिल सोडली, घरही सोडलं. जरीपटक्याला एका कापडाच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं छोटं दुकान टाकलं, लग्न केलं. दिवाळीला वहिनींच्या पाया पडायला यायचा, तोही भाऊ घरी नसतील अशा वेळी. भाऊ ते ओळखून भाऊबीजेच्या सकाळी मुद्दाम बाहेर निघून जात आणि आमच्याकडे येऊन बसत. माझी बायको फराळाचं ताट पुढे ठेवी. ते एखादा अनारसा उचलत आणि मला विचारत, "आला असन ना आतापरेंत?" मी हो म्हणे. मग थोड्या वेळाने, "जेवून गेला असन?" मी त्यालाही हो म्हणे. सगळी वर्षं असंच चाललं.

मिलचे दिवस फिरले, टीम मोडली, भाऊ रिटायर झाले. मला जमेल तसं मी जात असे. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं आणि वहिनींनी मधूला निरोप पाठवला. तो आला, औषधं आणू लागला, डॉक्टरांकडे धावू लागला. पण बाहेरच्या खोलीत बसून राही. आतल्या खोलीचा उंबरा त्याने ओलांडला नाही. आत भाऊंना त्याचा आवाज ऐकू येई, आणि ते डोळे मिटून ऐकत पडत.

एके दिवशी सकाळी मी तिथेच असताना याकूब मास्तर आले. आता पार म्हातारे झालेले, तरी कामठीहून बस बदलत बदलत आले होते. दारात मधूच होता. मग मधू बाजूला झाला.

"या मास्तर. भेटा तुमच्या सेक्रेटरीले. तुमी तं त्याईचा शब्द खाली पडू देल्ला नाई."

"कोनता शब्द?"

"मले बसवाचा."

मास्तर तिथेच बाजेवर टेकले. घाम पुसला. माझ्याकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं.

"हे कोनी सांगितलं गा तुले?"

"सांगाले काहून पाहिजे? सारी मिल बोलून राहिली होती."

"मिलले काय माहीत?" मास्तर म्हणाले. "नावं द्यायच्या आदल्या दिवशी तुझा दादा माह्या शाळेत आलता. मधल्या सुट्टीत. एवढ्या उन्हात सायकलनं, पार कामठीपरेंत. पोरं खेळून राहिली होती, त्याईच्या मधात उभा राहिला. मी बसा म्हटलं, बसला नाई. म्हणे, मास्तर, आजपर्यंत म्या कोनासाठी शब्द टाकला नाई, पुढंही टाकनार नाई. एवढं एक नाव घाला. माह्या मधूचं." मास्तरांनी आपले हात जोडून दाखवले. "हात जोडले गा त्यानं. पोराइच्या समोर."

मधू एक पाऊल पुढे आला.

"अन् तुमी?"

"मी नाई म्हटलं. दोन घोट पानी पेला, अन् गेला."

आतून भाऊंचा आवाज आला. दमलेला, पण स्पष्ट. "मास्तर, हे सांगाचं नोतं."

इतकी वर्षं ज्या निःस्पृहपणाचे गोडवे आम्ही गात होतो, तो तसा नव्हताच. ते गेले होते, त्यांनी हात जोडले होते, आणि त्यांनी स्वतः पारखून आणलेल्या माणसाने त्यांना नाही म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं जग शाबासकी देत असताना ती शाबासकी त्यांना टोचत होती. आणि मधूला ही एक गोष्ट सांगितली असती तर तो परत आला असता. पण मग मास्तर भावाच्या विनंतीलाही बधले नाहीत हे मिलभर झालं असतं, आणि मधूच्या रागाचा रोख मास्तरांवर वळला असता. तो भाऊंनी स्वतःवर घेतला. मला त्यांच्याबद्दल जी माया वाटते, ती त्या सकाळपासून दुप्पट झाली.

मधू उंबरा ओलांडून आत गेला. दार उघडंच होतं.

"दादा, तू गेलता?"

"गेलतो गा," भाऊ म्हणाले. "जमलं नाई."

मधूने टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं आणि खाटेच्या कडेला बसला. भाऊंचा हात चाचपडत त्याच्या बाहीपाशी आला. कापड पाहायला नाही. त्यांनी ती बाही मुठीत घट्ट धरून ठेवली. वहिनी स्वयंपाकघरातून डोळ्यांना पदर लावून बघत होत्या. मास्तर उठले, मीही उठलो आणि आम्ही दोघं आवाज न करता बाहेर आलो. भाऊंना मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं.